शेवटची कधी घेतली होती?

दादा दरवर्षी श्रावण पाळायचा. गटारीला भरपूर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून दारू बंद, मटण बंद. घरात कुणी विषय काढला की हाच पुरावा पुढे यायचा, "महिना महिना सोडतो की मी! दारुड्याला जमेल का?" वहिनीच्या माहेरचेही तेच धरून बसायचे. गणपती गेले की पुन्हा सुरू, आणि दर वर्षी आधीपेक्षा जास्त. शेवटी तर सकाळी चहाच्या आधी क्वार्टर लागायला लागली. ती पोटात गेल्याशिवाय हातातला कप स्थिर राहायचा नाही. ज्यांच्या घरात हे दिसतंय त्यांनी एवढं ओळखावं, की सकाळची दारू हौसेची नसते. शरीराला ती लागते म्हणून घेतली जाते.

त्या वर्षीही त्याने अमावास्येला रात्री शेवटची घेतली आणि श्रावण धरला. पहिल्या दिवशी घाम, उलट्या, झोप नाही. दुसऱ्या रात्री फिट आली. दातखीळ बसली, जीभ चावली गेली, अंथरूण ओलं झालं. सकाळी उठला तो भिंतीवरच्या मुंग्या झटकत. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. वर्कशॉपमधल्या मशीनची नावं घेऊन तो कुणाशी तरी भांडत होता. शेजारच्या काकूंनी लिंबू उतरवायला सांगितलं, कुणी देवऋषाचं नाव घेतलं. गावातल्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि लगेच जिल्ह्याला न्यायला सांगितलं.

इथून पुढचं लिहितानाही माझं डोकं तापतं. त्या सरकारी रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही, कारण इतरांकडून ऐकल्यावर कळलं की असं बऱ्याच ठिकाणी होतं.

कॅज्युअल्टीत केसपेपर काढला. टेबलावरच्या डॉक्टरांनी विचारलं, "पितो का?" मी म्हटलं, "प्यायचा, पण आता..." वाक्य पुरं व्हायच्या आत केसपेपरवर काहीतरी लिहून झालं होतं. "दारूची केस आहे. घरी न्या, उतरली की शांत होईल." मी सांगत होते की त्याने परवापासून थेंबही घेतलेला नाही, वास घेऊन बघा. पिण्याने नाही, न पिण्याने हे झालंय, असं गावातल्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. मी ते तिथे पुन्हा पुन्हा बोलले. कुणी मान वर केली नाही.

मी हलत नाही म्हटल्यावर मेडिसिनला पाठवलं. तिथे बीपी, शुगर, ईसीजी झालं, रक्त घेतलं. मग उत्तर आलं, "भास होतात ना? मग हे सायकॅट्रीचं." सायकॅट्रीची ओपीडी दुसऱ्या टोकाच्या इमारतीत. दादाला व्हीलचेअरवर धरून नेलं, कारण तो दर दहा पावलांना उठून पळू बघत होता. तिथले म्हणाले, "फिट येऊन गेलीय, ताप आहे, नाडी एवढी जोरात आहे. हा मेडिसिनचा पेशंट. त्यांनी ॲडमिट करावं, आम्ही रेफरन्सवर येऊन बघू." पुन्हा मेडिसिन. "सायकॅट्रीने लिहून द्यावं." पुन्हा तिकडे. तोवर ओपीडीची वेळ संपून दाराला कुलूप लागलेलं.

कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर आम्ही रात्र झाली तरी बसून होतो. दादाने समोरच्या पेशंटची सलाईन ओढली, तेव्हा वॉर्डबॉयने त्याचे हात बँडेजने बाकाला बांधले. वहिनी तोंडाला पदर लावून रडत होती आणि एक सिस्टर तिला म्हणाली, "आधीच आवरायचं होतं ना नवऱ्याला." माझ्या वहिनीने त्याच्या बाटल्या ओतून दिल्या होत्या, पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटवर उभी राहिली होती, मार खाल्ला होता. तिला हे ऐकवणाऱ्या बाईंना मी जे बोलले त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

थोड्या वेळाने एक कागद आला. डामाचा. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर पेशंटला घेऊन जातो, असं लिहून द्यायचं. ज्यांनी दाखलच करून घेतलं नव्हतं ते आमच्याकडून घरी नेण्याची सही मागत होते. तुमच्यासमोर असा कागद आला आणि पेशंट शुद्धीत बोलत नसेल, तर सही करू नका. मी केली नाही, आणि दादा आज आहे याचं एक कारण ते आहे असं मी मानते.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर आली. दिवसभराच्या कागदांवरून तिने नजर फिरवली, दादाचे हात पुढे धरायला लावून बोटं बघितली आणि मला विचारलं, "शेवटची कधी घेतली होती?"

संबंध दिवसात हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

मी सांगितलं, अमावास्येची रात्र. रोज किती? सांगितलं. मागे कधी सोडताना असा त्रास? मग सगळं बाहेर आलं. मागच्या श्रावणात नुसता हात थरथरला होता, त्याच्या आधीच्या वर्षी तेवढंही नाही. अर्ध्या तासात तो बेडवर होता. शिरेतून थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, आणि थरथर व फिट आवरणारं औषध सुरू झालं. पुढे काही दिवस लिब्रियमच्या गोळ्या हळूहळू कमी करत गेले.

नंतर तिने वहिनीला बाजूला बसवून समजावलं. ते मी इथे देते, कारण आधी ऐकलं असतं तर आम्ही त्याला असा एकदम श्रावण धरूच दिला नसता. वर्षानुवर्षं रोज दारू गेली की मेंदू तिच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला कायम चेतवलेला ठेवतो. दारू एकदम थांबली की गुंगी जाते आणि चेतवलेपण तसंच उरतं. त्यातून थरथर, घाम, धडधड. फिट येते ती साधारण शेवटच्या पेगनंतर 6 ते 48 तासांत. भास, ताप आणि भ्रम यांचा जो गंभीर प्रकार आहे, डॉक्टर ज्याला डीटी म्हणतात, तो बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतो आणि उपचार नसतील तर त्यात माणूस दगावतो. दर वेळी असं एकदम सोडणं-धरणं केलं की पुढच्या वेळचा त्रास वाढत जाऊ शकतो. म्हणजे दादा ज्या श्रावणाचा पुरावा देत होता, त्या श्रावणांनीच मेंदूवर वळ उठवले होते.

माळ घालून दारू सोडलेली माणसं माझ्या गावात आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे, वारीतली संगत माणसाला धरून ठेवते. पण रोज पिणाऱ्याने माळ घालण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. पहिला आठवडा शरीराचा असतो, निश्चयाचं काम त्यानंतर सुरू होतं.

कॅज्युअल्टीत जायची वेळ आली तर एका कागदावर ठळक लिहून न्या: रोज किती, किती वर्षं, शेवटची कोणत्या दिवशी किती वाजता, फिट आली का, भास आहेत का, आधी सोडताना काय झालं. तोंडी सांगितलेलं ऐकून घेत नाहीत, कागद वाचतात. डॉक्टरांना "थायमिन देणार ना?" एवढं विचारायला घाबरू नका. अशा पेशंटला नुसतं ग्लुकोजचं सलाईन आधी चढवलं तर मेंदूला इजा व्हायचा धोका असतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा एका समाजसेविकेकडून कळली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अंमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. आणि त्याच कायद्याच्या कलम 94 प्रमाणे जिवाला धोका असेल तेव्हा कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, पेशंटचा नामनिर्देशित प्रतिनिधी (बहुधा जवळचा नातेवाईक) उपलब्ध असेल तर त्याच्या संमतीने, 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. मेडिसिन की सायकॅट्री, हा वाद पेशंटला बाकावर बांधून घालायचा नसतो.

डिस्चार्ज कार्डावर एवढंच होतं: दारू बंद करा. मी मागे लागून सायकॅट्रीचा रेफरन्स आणि एडीएस, म्हणजे दारूच्या अवलंबित्वाचं निदान, लिहून घेतलं. तुम्हीही घ्या. लिव्हरचे रिपोर्ट आणि हा कागद हातात होता म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात एका फेरीत काम झालं.

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. आम्हाला एकाने फोनवर सांगितलं, "पत्ता द्या, गाडी पाठवतो, पोरं उचलून आणतील." मी फोन ठेवला. केंद्राची नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ कोण आणि आठवड्यातून किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. उत्तराला टाळाटाळ झाली तर पुढचं ठिकाण बघा. महाराष्ट्रात चांगलं काम आहे. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला मोठा हातभार लावला. तिथे पेशंटच्या बायकांसाठी सहचरी गट आहे. आम्ही घराजवळचं केंद्र निवडलं, कारण वहिनीला भेटीला जाता यायला हवं होतं.

तिथले दिवस सुरळीत गेले. बाहेर आल्यावर तो एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, मीटिंगला जायला लागला. 1935 मध्ये अमेरिकेत दोन दारूड्यांनी एकमेकांना सांभाळत सुरू केलेली ही संगत, फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. पहिल्यांदा "मी अल्कोहोलिक आहे" असं तो सगळ्यांसमोर म्हणाला त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा त्याच्या नोकरीच्या पत्रानेही वाटला नव्हता. मधे एका हळदीत स्लिप झाली, म्हणजे पुन्हा घेतली गेली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः स्पॉन्सरकडे, म्हणजे एएमधल्या त्याला सांभाळणाऱ्या जुन्या सदस्याकडे, गेला. वहिनी अल-अनॉनला जाते, ते घरच्यांसाठी आहे आणि पिणारा तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता. हे आधीच सांगायला हवं होतं, कारण बहुतेक घरांत सुरुवात इथूनच होऊ शकते.

"पेशंटला न सांगता दारू सोडवा" अशा भिंतीवरच्या जाहिराती बघून चहात, भाजीत काही मिसळू नका. दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिराम नावाची गोळी पोटात असताना दारू प्यायली तर बीपी पडून जीव जाऊ शकतो. ती घेणाऱ्याला माहीत असूनच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असते. आपलं माणूस त्या टप्प्यावर आलंय का अशी शंका असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची चाचणी आहे. 40 पैकी 8 किंवा जास्त गुण आले तर धोका, 20 किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला दाखवायलाच हवं. रात्री-अपरात्री बोलायला टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन 14416 आणि व्यसनमुक्तीसाठी 14446 हे क्रमांक फुकट आहेत.

दादा सावरल्यावर मी त्या रुग्णालयाला लेखी अर्ज दिला. दोनच मागण्या केल्या. कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर "शेवटची दारू कधी घेतली" ही ओळ छापावी, आणि फिट किंवा भास असलेल्या पेशंटला आधी दाखल करून मग विभाग ठरवावा. पोचपावती मिळाली, उत्तर अजून नाही. पुढच्या आठवड्यात स्मरणपत्र घेऊन मी आणि वहिनी दोघी जाणार आहोत.