नळी ओमच्या ताटात गेली

मला मटणातली ती नळी नको होती. खायचीच नव्हती. तरी दादानं पळीनं ती उचलून ओमच्या ताटात घातली तेव्हा आत काहीतरी खटकलं, आणि रात्रीचे साडेअकरा वाजले तरी ते जात नाही.

कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. मी मटण सोडलंय हे घरात सगळ्यांना माहीत आहे. अक्कानं माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात अख्खा मसूर केला होता, आपलाच कांदा-लसूण मसाला घालून, वर तेलाचा लालभडक तवंग. चव फार छान होती. पण रविवारी आमच्याकडं नळी माझी असते. पप्पांनी पाडलेली रीत. ताटाच्या काठावर नळी आपटायचे आणि आतलं मऊ माझ्या भातावर पडायचं. "पोरीला पहिलं," म्हणायचे. काकांना ते कधी पटलं नाही, पण पप्पांपुढं कोण बोलणार? पप्पांनंतरही दादानं ती माझ्याच ताटात घातली, न विचारता, दर रविवारी. आज न विचारता ओमला दिली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बघायला हवं होतं का त्यानं? बघितलं असतं तर मी मान हलवून नको म्हटलं असतं. मग नळी ओमलाच गेली असती. म्हणजे मला हवी होती ती फक्त ती एक नजर. एवढ्यासाठी रात्र जागायची?

रिपोर्ट आल्यावर जे ठरवलं ते ठरवलं. त्यावर आज लिहायचं नाही.

आमचं घर काही रोज मटण खाणारं नाही. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. श्रावण आहे, अंबाबाईचं नवरात्र आहे, माघात जोतिबाचे खेटे आहेत. हिशेब केला तर निम्मं वर्ष घरात मटणाचं पातेलं चढत नाही. पण त्या दिवसांना आम्ही कधी जेवणाचा मान दिला नाही. "आज काय?" विचारलं की "आज काही नाही, वार आहे," असं उत्तर. आमटी, भात, बटाटा, पापड ताटात असून "काही नाही". ते दिवस रविवारची वाट बघण्याचे. आता माझा प्रत्येक दिवस घरच्यांच्या दृष्टीनं "काही नाही"चा झालाय आणि मला तेच लागतंय. मी उपास धरलेला नाही. मी जेवतेय.

आणि नीट जेवायचं तर त्याला डोकं लावावं लागतं. मटण काढून बाकीचं ताट तसंच ठेवलं तर उरतो नुसता भात. आहाराच्या बाईंनी वही काढून समजावलं होतं. किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे माझ्या वजनाला पन्नासच्या आसपास. कच्च्या मसुरात १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम असतात, शेंगदाण्यात २५. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण पातळ आमटीच्या वाटीत डाळ असते किती? मूठभरसुद्धा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत तर दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांपेक्षा जास्त धान्यातून नकोत असं आहे. आमचं उपासाशिवायचं बिनमटणाचं ताट डोळ्यांपुढं आणलं की नुसतं धान्यच दिसतं.

म्हणून हुलगे, म्हणजे कुळीथ. लहानपणी हुलग्याचं माडगं म्हटलं की मी पळायचे. आता रात्री भिजत घालते, सकाळी निथळून फडक्यात घट्ट बांधते आणि डब्यात ठेवते. दुसऱ्या दिवशी गाठ सोडली की आतून ऊब लागते आणि दाण्यादाण्याला बारीक पांढरं नाक आलेलं असतं. मोड आले की त्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं, वर लिंबू पिळलं की आणखी. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र ते वाया जातं, म्हणून चहा पुढं ढकललाय, आणि खरं सांगते, मटणापेक्षा तो जास्त जड गेला. प्रथिनांचं म्हणाल तर ज्वारीच्या भाकरीत जे कमी असतं ते डाळीत असतं, डाळीत कमी ते भाकरीत. झुणका-भाकर काही उगीच पिढ्यान्‌पिढ्या चाललेली नाही. बी-१२ तेवढं भाजीपाल्यात नाही, ते दूध-दह्यातनंच यायचं. ओम गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरनं समोर पिळलेलं म्हशीचं दूध आणतो, त्याचं दही लावते. तरी ते पुरेल असं धरून चालायचं नाही. रक्त तपासायचंय पुन्हा, गोळी लागली तर घेणार.

दादा मध्यंतरी म्हणाला होता, "ताकद कुठनं येणार गं तुला?" चेष्टा नव्हती, त्याचा आवाज मला कळतो. मी म्हटलं, तालमीत असताना पाट्यावर बदाम घासून थंडाई करायचास, लोटाभर दूध प्यायचास, ते काय मटण होतं? काही बोलला नाही. उठून गेला. दुसऱ्या दिवशी फ्रीजवर बदामाची पुडी होती.

हे लिहिताना आत्ता एक गोष्ट लक्षात येतेय. काकी, अक्का, शेजारच्या मावशी, सगळ्यांचं मला एकच सांगणं असतं. "पीस घेऊ नको, नुसता पांढरा घे वाटीभर. रश्शात काय असतंय?" अक्का आजसुद्धा म्हणाली, अळणीतलं, म्हणजे मटण शिजवलेलं, कपभर पाणी काढून ठेवते, अंगाला बरं असतं. प्रेमानंच म्हणतात. पण त्यांच्या लेखी मी अजून परत येणार आहे. दादानं एकदाही म्हटलेलं नाही. मी एकदा सांगितलं आणि त्यानं ते खरं धरलं. नळी माझ्या ताटात घालायची नाही, विचारायची पण नाही, उगीच बघून मला मोहात किंवा संकोचात पाडायचं नाही. त्याच्या स्वभावात हेच बसतं. माझा शब्द शेवटचा मानणारा घरात तो एकटाच निघाला.

तरी दुखतंय. कळलं म्हणून लगेच दुखायचं थांबत नाही. पप्पांच्या हातची ती रीत माझ्यापाशी संपली, ती माझ्या हातानं संपली, आणि... असो.

ओमनं नळी आपटून खाल्ली. पोराला जमत नव्हतं, निम्मं ताटाबाहेर उडालं. मी त्याला मनगट कसं धरायचं ते दाखवलं. मग त्यानंच माझ्या पातेल्याकडं बोट करून विचारलं, "आत्या, ते मला का नाही?" वाढला. दोनदा घेतला त्यानं मसूर, भाकरी कुस्करून. इस्लामपूर-कराडकडं जाताना लोक ढाब्यावर मुद्दाम थांबून अख्खा मसूर खातात, आणि आमच्या घरात तो माझ्यापुरता, आजारी माणसाच्या पेजेसारखा, कोपऱ्यातल्या छोट्या पातेल्यात.

ते छोटं पातेलंच मला नको आहे. भांडी आवरताना अक्काला सांगून टाकलं.

"पुढच्या रविवारी मसूर मोठ्या पातेल्यात लाव."

"आणि मटण?"

"ते पण कर की. दोन्ही मधे ठेव, ज्याला जे पाहिजे ते घेईल."

"एवढा मसूर कोण खाणार?"

"तू लाव तर खरं. किलोभर लक्ष्मीपुरीतनं मी आणते."

अक्कानं हात पुसले आणि म्हणाली, मग कांदा जास्त लागंल, तो पण आण.