तुम्ही विचारलंत म्हणून: ही रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 मोटरसायकल विकून नवी का घेत नाही?

इंदुरात राजवाड्याजवळ, पंपावर, अगदी रामबागेतल्या मुंजीतसुद्धा हाच प्रश्न: "हिमालयन 450 कधीची आली, तुम्ही अजून 411 वरच?" नवीचे 39.5 बीएचपी (म्हणजे अश्वशक्ती), सहा गिअर, पाण्यानं थंड होणारं इंजिन, सगळं मलाही पाठ आहे. माझीचे 24.3, गिअर पाच. बायपासवर ट्रक मागे टाकायचा तर मला लांबवर रस्ता मोकळा लागतो. हे मी कधी नाकारलं?

पण मग त्या पावसाळ्याचंही ऐका. जानापावचा डोंगर उतरून आम्ही दोघं मानपूरकडे आडवाटेनं निघालो आणि पाऊस आला. माळव्याची काळी माती भिजली की टायरची नक्षी भरून टाकते, चाक नुसतं सरकतं. आम्ही आडवे झालो. मी उठलो, बायकोला उठता येईना. तिचं मनगट वाकडं दिसत होतं. 199 किलोची गाडी त्या चिखलात एकट्यानं उभी करताना दोनदा परत पडली. तिला मागे बसवलं. तिनं एका हातानं माझा शर्ट मुठीत धरला होता. एक झटका बसला असता तरी ती ओरडली असती. पहिला गिअर, थ्रॉटल जवळजवळ नाहीच, क्लच अर्धा. इंजिन धपधपत राहिलं, बंद पडलं नाही, मागचं चाक उगाच फिरलं नाही. पक्का रस्ता लागेपर्यंत मी श्वास मोजत होतो. महूला प्लास्टर झालं.

हे मी उगाच भावनेनं सांगत नाही. माझीचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, 78 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 86. 32 न्यूटन मीटरचा सगळा जोर (टॉर्क) मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या आत मिळतो. नवीत बोअर 84, स्ट्रोक 81.5. जोर 40 चा, पण पुरा साडेपाच हजारांवर. म्हणजे माझी इंजिन हळू फिरतानाच ओढते, आणि चिखलात तेच लागतं.

बायको म्हणते, "अहो, हलकी असती तर पडलोच नसतो." नवी 196 किलोची आहे, तीनच किलो कमी, हे मी तिला सांगितलं. तिला पटलं नाही, आणि तिचं मनगट अजून थंडीत दुखतं, त्यामुळे मी पुढे बोललो नाही. पूर्वी मी छातीठोकपणे म्हणायचो की चोवीस बीएचपी कुणालाही पुरे. आता म्हणत नाही. धुळ्याला सासरी जाताना सेंधव्यापर्यंत मलाच सहावा गिअर हवासा वाटतो.

नवी चालवून पाहिली, आवडली. पण टेस्ट राइड डांबरावरची, एकट्याची. काळ्या मातीत, मागे दुखरं माणूस बसवून ती चालताना कशी वाटते, हे मला आधी बघायचंय. तोवर विचारत राहा.