थर, धागा आणि अंबडचा गाळा : आमची वाटचाल

२०१२ च्या दसऱ्याला अंबड एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही मशीनची पूजा केली. एक जुनी मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर, एक टेबल. सातपूरच्या आयटीआयमधून फिटर होऊन दहा वर्षं दुसऱ्यांच्या टूलरूममध्ये काढली होती, त्यामुळे काम ठरलेलंच होतं: जिग, फिक्श्चर (कामाचा नग जागेवर धरून ठेवणारे साचे) आणि गेज (माप तपासायची साधनं). नाशिकला या कामाला तोटा नाही. मोटारींचे सुटे भाग आहेत, स्विचगिअर म्हणजे विजेची जोड-तोड करणारी उपकरणं आहेत, ओझरला विमानांचं काम आहे. जिथे एकाच मापाचे हजारो नग निघतात, तिथे तो नग नेमका धरून ठेवणारं काहीतरी लागतंच. पहिल्या पाच-सहा वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. हप्ते वेळेवर गेले, हिशेब बायकोने सांभाळला, दोन मुलं हाताखाली तयार झाली.

वाट वळली ती वजनामुळे. एका ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर एक ताई दर नगाला आमचं अ‍ॅल्युमिनियमचं फिक्श्चर उचलून लावायच्या, पाळीत शेकडो वेळा. मी डिलिव्हरीला गेलो तेव्हा त्यांच्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. म्हणाल्या, "दादा, हे थोडं हलकं नाही का होणार?" मापात, फिनिशमध्ये त्या फिक्श्चरला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण ते मनगट माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

अ‍ॅल्युमिनियमची घनता घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम. कार्बन तंतूंचे बारीक तुकडे मिसळलेल्या नायलॉनची साधारण १.२, म्हणजे निम्म्याहून कमी. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर घालत वस्तू छापण्याची, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगची, ही पद्धत अमेरिकेत स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये पेटंटसाठी मांडली होती. २००९ मध्ये ते पेटंट संपलं आणि पुढे हळूहळू ही मशीन आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली. २०१८ मध्ये आम्ही एक घेतलं. सोबत आलेलं पितळी नोझल, म्हणजे वितळलेली तार बाहेर सोडणारी तोटी, कार्बनने बघता बघता घासून मोठं केलं. ०.४ मिलिमीटरचं भोक राहिलंच नाही, मापं बिघडू लागली. कडक पोलादाचं नोझल लावल्यावर तो त्रास मिटला. ताईंचं फिक्श्चर हलकं झालं आणि आम्हाला वाटलं, जमलं.

२०१९ च्या जुलैत फोन आला. माल उचलून ठेवणाऱ्या रोबोच्या पंजाचं आमचं बोट मुळाशी तुटलं होतं आणि लाइन दोन तास बंद होती. चूक सर्वस्वी आमची होती. तुटलेले दोन्ही तुकडे घेऊन आलो आणि रात्री टेबलावर दिव्याखाली ठेवले. तुटलेली जागा सपाट होती, पत्त्यांचा कॅट मधोमध उचलावा तशी. भिंगातून पाहिलं तर तुटलेला तंतू जवळजवळ एकही दिसेना. सगळे तंतू थरात आडवे निजलेले. आम्ही ते बोट उभं छापलं होतं, कारण तसं केल्याने पृष्ठभाग चांगला येतो आणि खाली आधार द्यावा लागत नाही. तार नोझलमधून ज्या दिशेने पडते त्याच दिशेने तंतू रांगेत येतात. एका थरातून वरच्या थरात कुणीच जात नाही. दोन थरांना धरून ठेवतं ते फक्त नायलॉन, आणि तेही वरची गरम तार खालच्या गार होत चाललेल्या थराला जेवढी चिकटेल तेवढंच. पंजा नग धरायचा तेव्हा सगळा जोर नेमका त्या चिकटलेल्या रेषेवर येत होता.

वडील दिंडोरीकडे द्राक्षबाग करतात. त्यांना तुकडा दाखवला तर हातात फिरवून म्हणाले, "हे मोडलं नाही, बांबूसारखं चिरलंय." कोवळ्या वेलीला आधार म्हणून लावायचा बांबू आडवा मोडायला गेलं तर दमवतो. त्याच्याच रेषेत कोयता बसला की एका घावात दोन फाका. त्यांनी आमचं मशीन तोवर पाहिलंही नव्हतं.

त्याच तुकड्यात दुसरी गोष्ट होती, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. नायलॉन हवेतलं पाणी पितं. नायलॉन ६ नेहमीच्या हवेत वजनाच्या अडीच-तीन टक्के ओल घेतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर नऊ-दहा टक्क्यांपर्यंत. आमचं तारेचं रीळ पावसाळ्यात आठवडाभर उघड्यावर मशीनवर लटकलेलं. अडीचशे अंशांच्या वर तापलेल्या नोझलमध्ये त्या ओलीची वाफ होते, बुडबुडे राहतात, नायलॉनच्या लांब साखळ्याही तुटतात. तारांच्या गोलाईमुळे दोन तारांमध्ये मुळातच बारीक पोकळ्या असतात, त्यात ही भर.

मग काम थांबवून आम्ही तुकडे छापले, डमरूसारखे, मध्ये अरुंद. काही आडवे, काही कुशीवर, काही उभे. काही वाळवलेल्या रिळाचे, काही ओल्या. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत फी भरून यूटीएमवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ते ओढून तोडले. उभ्या तुकड्यांनी आडव्यांच्या निम्माही भार घेतला नाही. ओल्या रिळाचे उभे तुकडे तर ताणाचा आलेख नीट वर चढायच्या आतच गेले. मटेरियलच्या पत्रकावर ताकदीचा एक आकडा छापलेला असतो. तो आडव्या तुकड्याचा असतो, हे मला त्या दिवशी मनापासून कळलं.

तेव्हापासून ऑर्डर आली की मी आधी एकच विचारतो: जोर कुठून येणार? माप, रंग, तारीख नंतर. कधी भाग वेगळ्या कुशीवर छापतो, कधी एकाचे दोन करून जोडतो. उभं छापण्यावाचून इलाज नसेल तर थरांना भेदून जाणारा लांब बोल्ट घालून थर एकमेकांवर आवळून ठेवतो. रीळ ऐंशी अंशांवर रात्रभर वाळतं आणि छापतानाही ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बंद डब्यातूनच मशीनला जातं. डब्यात आर्द्रतेचा काटा आहे, तो सकाळी आल्यावर पहिल्यांदा बघायचा. तयार भागही पुढे हवेतली ओल घेतो आणि थोडा मऊ, लवचीक होतो. त्यामुळे पावसाळ्यात किती वाकणं चालेल, हे आम्ही ग्राहकाशी आधीच बोलून घेतो.

२०२२ मध्ये कर्ज काढून अखंड धागा घालणारं मशीन घेतलं. असं टेबलावर मावणारं मशीन २०१४ साली अमेरिकेतल्या मार्कफोर्ज्ड कंपनीने प्रथम बाजारात आणलं. एक नोझल नायलॉन घालतं, दुसरं कार्बनचा न तुटलेला धागा अंथरत, दाबत जातं. त्यांच्या पत्रकावर या धाग्याची ताणातली ताकद ८०० मेगापास्कल आहे. ६०६१-टी६ या नेहमीच्या वापरातल्या अ‍ॅल्युमिनियमची ३१० च्या आसपास. हा आकडा ऐकून ग्राहक हुरळतात आणि इथे मी हात जोडून थांबवतो. तो आकडा धाग्याच्या दिशेतला आहे. दाबात तोच धागा जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण बारीक तंतू दाबाखाली लचकतात. आणि आपल्या भागात धागा सगळीकडे नसतो. तो कुठे घालायचा, तेच खरं काम. वाकणाऱ्या भागात तो अगदी वरच्या आणि अगदी खालच्या थरांत हवा, कारण ताण आणि दाब तिथेच सर्वांत जास्त. मध्ये पोकळ जाळी चालते. बोल्टच्या भोकाभोवती दोन-तीन वेढे हवेत. अगदी तीव्र कोपऱ्यात धागा वळत नाही, तिथे भागालाच गोलाई द्यावी लागते. आणि थर ते थर जोड अजूनही नायलॉनचाच आहे, तिथे हे महागडं मशीनही काही करत नाही.

काही कामं आम्ही घेत नाही. माणसाच्या डोक्यावरून जाणारा उचलण्याचा हुक मागायला लोक येतात. नाही म्हणतो. भट्टीजवळचं काम नाही म्हणतो, कारण कोरडं नायलॉन ६ पन्नास अंशांच्या आसपासच ढिलं पडायला लागतं. एक मोठी ऑर्डर यामुळे गेली. बायकोने हिशेबाच्या वहीत ती रक्कम पेन्सिलीने लिहून ठेवली आणि खोडली.

सध्या भिंतीवर एक क्लॅम्प टांगला आहे, त्याला वीस किलोचं वजन. एका पार्टीला तो कायम आवळलेल्या स्थितीत वापरायचा आहे. प्लास्टिक अशा न सुटणाऱ्या भाराखाली सावकाश सरकत राहतं, आणि धागा घातल्याने ते किती आवरतं ते आम्हाला आमच्याच भागावर बघायचं आहे. दर सोमवारी डायल गेज (बारीक सरक मोजणारं काट्याचं घड्याळ) लावून आकडा फळ्यावर लिहितो. अकरावा सोमवार झाला. गेल्या तीन आठवड्यांत काटा जवळजवळ जागचा हललेला नाही. पार्टी दर आठवड्याला विचारते, मी अजून पाऊस बघू म्हणतो.