पाव फेरीचा हिशेब

मागच्या वर्षी मे महिन्यात आमची मोटरसायकलींची तिसरी शर्यत संपली, चषक वाटून झाले, आणि स्प्लेंडरवाले दोघे भाऊ कुणाशी न बोलता गाडी छोट्या हत्तीत चढवून निघून गेले. तीन तासांत ३८ फेऱ्या, गाडी एकदाही बंद नाही, आणि गुण शून्य. गुणतक्ता मी फॉर्म्युला वनवरून उचलला होता, २५-१८-१५-१२-१०-८, आणि तोही सगळ्या गाड्या एकत्र धरून पहिल्या सहांपुरता. चौदा गाड्यांत हे अकरावे.

मी वाळूजला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. एक्सेल येतं, एवढ्यावरच हे काम माझ्या गळ्यात पडलेलं. आमची शर्यत म्हणजे पैठण रोडला मित्राच्या शेताला लागून असलेल्या मुरमाड माळावर सव्वादोन किलोमीटरचा ट्रॅक, एका गाडीवर आळीपाळीने दोन रायडर, सकाळी साडेसहा ते साडेनऊ. त्यानंतर ऊन उभं राहू देत नाही. काळ्या रानात हा खेळ जमत नाही. कोरडं असलं तर भेगा, पाणी पडलं तर चिखल मडगार्डपर्यंत. म्हणून फेब्रुवारी ते मे एवढाच आमचा हंगाम.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मामांना सगळं सांगितलं. मामांचं आयुष्य शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतींत गेलं. ते म्हणाले, "आदत खोंड आन् चौसा एका पटात सोडतेत का रे? दात बघून गट करतेत. तुम्ही शिकलेली पोरं, तुम्हाला कळंना काहून?" आदत म्हणजे अजून दुधाच्याच दातांचा, चौसा म्हणजे चार दात आलेला.

गट करायचं ठरलं: ११० सीसीपर्यंत, १६० पर्यंत, आणि त्यावरच्या. कागदावर सोपं वाटलं. मग एकाने आरएक्स १०० आणली. इंजिन ९८ सीसी, म्हणजे नियमाने स्प्लेंडरच्या गटात. पण ती टू-स्ट्रोक. कंपनीतून निघाली तशीच ठेवली तरी ११ हॉर्सपॉवर, आणि स्प्लेंडरची आठच्या आसपास. टू-स्ट्रोक एक गट वर, असा नियम केला. मालक महिनाभर रुसला होता.

त्याआधी मी एक शहाणपणा करून बसलो होतो, तोही सांगून टाकतो. गट नकोत, प्रत्येक गाडीला गुणांक देऊ, फेऱ्यांना त्याने गुणू, म्हणजे सगळे एका पातळीवर येतील. गुणांक सरावातल्या फेरीच्या वेळेवरून काढायचा. फॉर्म्युला इतका सुरेख जमला की मी तो बायकोलाही दाखवला. सरावाच्या दिवशी मात्र एरवी माळ पेटवणारी पोरं सेकंड गिअरमध्ये, वरातीत निघाल्यासारखी. मुद्दाम हळू चालवायची, गुणांक वाढवून घ्यायचा आणि शर्यतीत सुटायचं. त्याच संध्याकाळी ती शीट डिलीट केली.

खरी डोकेफोड वेगळीच होती. मोठ्या गटातल्या दोन टीमचं घ्या. पहिली दोन शर्यती जिंकली, तिसरीत २ तास २० मिनिटांनी चेन तुटून बाहेर. दुसरी तिन्ही वेळा दुसरी, कारण तिसरी शर्यत वेगळ्याच टीमने नेली. २५-१८-१५ ने पहिलीचे ५०, दुसरीचे ५४, म्हणून मोठा चषक दुसरीला. पहिलीचा थोरला रायडर वर्षभर मला ऐकवत होता, "दोन जिंकल्या आम्ही, अन् कप ह्यांना."

मी जुनी शीट काढून बसलो. मोटोजीपीचा, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेचा तक्ता लावला, २५-२०-१६: पहिलीचे ५०, दुसरीचे ६०. फॉर्म्युला वनचा १९९१ ते २००२ चा तक्ता लावला, १०-६-४: पहिलीचे २०, दुसरीचे १८. म्हणजे शर्यती त्याच, गाड्या त्याच, आणि तक्ता बदलला की विजेता बदलतो. त्या रात्री मला आपण किती घाईत तक्ता उचलला ते कळलं. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर मोठं ठेवलं तर लोक जिंकायला किंवा फुटायला पळतात, लहान ठेवलं तर टिकायला. आमची शर्यत टिकायची आहे.

पण चेन तुटलेल्याच्या हाती काहीच लागू नये, हेही पटत नव्हतं. जागतिक एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे मोटरसायकलींच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत, २४ तासांच्या शर्यतीत आठव्या आणि सोळाव्या तासाला जे पहिल्या दहात असतात त्यांना तिथेच गुण मिळतात. ती कल्पना घेतली: पहिला आणि दुसरा तास संपताना गटातल्या पहिल्या तिघांना ३-२-१. शेवटी गटात २०-१६-१३-११ आणि पुढे एकेक कमी. शिवाय मधेच बाहेर पडलेल्याला दर पूर्ण दहा फेऱ्यांना एक गुण.

हे सगळं जुन्या हंगामावर लावलं. पहिली टीम: दोन विजयांचे ४०, तासांचे १८, तुटलेल्या शर्यतीतल्या ३९ फेऱ्यांचे ३. एकूण ६१. दुसरी: ४८ आणि १२, एकूण ६०. कप एका गुणाने पहिलीकडे. तासांचे गुण जास्त झाले असतील म्हणून ३-२-१ चं २-१ केलं. तरी फरक एकाचाच. नुसता पहिल्याला एक ठेवला. तरी एकच! कारण पहिल्या-दुसऱ्यात दर तासाला एकाचाच फरक राहतो, आकडे कितीही लहान करा.

गॅरेजवर चहा पिताना हे मांडलं. दुसऱ्या टीमचा मेकॅनिक चाक ट्रू करत होता, मान वर न करता म्हणाला, "दादा, ज्यानं गाडी तोडली त्याच्या फेऱ्या मोजता. आम्ही नाही तोडली म्हणून आमच्या नाही मोजायच्या का?"

आठवडाभर एक्सेल कुरवाळूनही मला हे दिसलं नव्हतं. फेऱ्यांचे गुण सगळ्यांना दिले. पहिलीच्या ५१, ५१ आणि ३९, म्हणजे १३ गुण, एकूण ७१. दुसरीच्या ५०, ४९, ५०, म्हणजे १४, एकूण ७४. थोरल्याला शीट दाखवली. त्याने दोनदा बेरीज केली आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.

स्प्लेंडरचा हिशेब करताना आणखी एक खड्डा सापडला. निकालात यायचं तर विजेत्याच्या ७५ टक्के फेऱ्या हव्यात, असा नियम मी लिहून ठेवला होता. त्या शर्यतीत विजेत्याच्या ५१, त्याचे ७५ टक्के म्हणजे ३८.२५. त्यांच्या ३८. पाव फेरीसाठी दोघे भाऊ पुन्हा यादीबाहेर! विजेता म्हणजे आपापल्या गटाचा विजेता, असं केलं. छोट्या गटात ४१ वाला पहिला होता, त्यामुळे ३१ पुरे. गटात तीनपेक्षा कमी गाड्या आल्या तर पहिल्याला दुसऱ्याचेच गुण, हेही ठरलं. नाहीतर रिकामा गट शोधून २० गुण घेऊन जाणारे महाभाग आमच्यात आहेत.

यंदा चार शर्यती, त्यातल्या उत्तम तीन धरायच्या. लग्नसराई आणि कंपनीच्या शिफ्ट, दोन्हीमुळे चारही रविवार कुणाला जमत नाहीत. यालाही विरोध झाला. फॉर्म्युला वनमध्ये १९८८ ला अॅलन प्रॉस्टचे सगळे मिळून १०५ गुण आणि आयर्टन सेनाचे ९४, पण सोळा शर्यतींपैकी उत्तम अकराच धरायच्या होत्या, म्हणून ९०-८७ ने सेना जगज्जेता झाला, हे एकाने मोबाईलवर काढून माझ्या नाकासमोर धरलं. बरोबर आहे त्याचं. पण प्रॉस्टला रात्रपाळी नव्हती.

फेऱ्या मोजणं हा तर वेगळाच ताप. अर्ध्या तासात सगळ्या नंबरप्लेट धुळीने मुरमाच्या रंगाच्या होतात, १ आणि ७ सारखेच दिसतात. पुतणी आणि तिची मैत्रीण वेगवेगळ्या वह्यांत टिपतात, आणि रायडर बदलताना टीमच्या आकड्याशी ताळा करून तिथेच सही घेतात.

स्प्लेंडरवाल्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. धाकट्याने नियमांचा कागद वाचला, विचारलं, "आमच्या गटात किती गाड्या?" पाच, म्हणालो. आले.

शेवटच्या शर्यतीत झेंडा पडला तेव्हा ते गटात दुसरे होते आणि त्यांचं पेट्रोल संपलेलं. झेंड्यानंतर पाच मिनिटांत रेघ ओलांडायची, एवढंच नियमात होतं. थोरला साडेतीनशे मीटर गाडी ढकलत आला, हेल्मेट हँडलला अडकवलेलं, शेवटच्या चढावर धाकटा नुसता बाजूने पळत होता, हात लावत नव्हता. चार मिनिटं चाळीस सेकंद. जागतिक एन्ड्युरन्समध्ये रायडर बंद गाडी ढकलत पिटपर्यंत, म्हणजे दुरुस्तीच्या जागेपर्यंत आणतात, हे मी पाहिलेलं. पण ढकललेल्या फेरीबद्दल आमच्या कागदावर अक्षर नव्हतं.

पुतणीने वही माझ्यासमोर धरली. मी "ढकलत आणली, धरली" असं लिहून सही केली. तिसऱ्या नंबरवाल्यांनी त्या पानावर अजून सही केलेली नाही.