मॉर्फिनच्या गोळ्या मिळवताना: माझा अनुभव

वडिलांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. दवाखान्यात शिरेतून मॉर्फिन हे जबर वेदनाशामक चालू होतं, तोवर सगळं ठीक होतं. अडलं ते घरी सोडल्यावर. चिठ्ठीवर गोळ्या लिहिलेल्या आणि प्रत्येक केमिस्टचं उत्तर एकच: "आम्ही ठेवत नाही."

ठेवणार नाहीतच. हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली येतं. 2014च्या दुरुस्तीनंतर बरेच वेगवेगळे परवाने गेले आणि औषध नियंत्रकांनी 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' ठरवलेलं रुग्णालय ते बाळगून देऊ शकतं. म्हणजे दुकानं पालथी घालण्यात अर्थ नाही. ज्या रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातला त्रास कमी करणारा) विभाग आहे तिथे फोन करून विचारा: मान्यता आहे का, आज साठा आहे का, नातेवाईकाच्या हाती गोळ्या देता का? बायॉप्सी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. हे एवढं डिस्चार्ज देणाऱ्यांनी सांगायला काय हरकत होती, हा राग अजून गेलेला नाही.

वर त्यांनी सुचवलं काय, तर गोळ्या नाहीत म्हणून फेंटॅनिलची (मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाची, कातडीवर चिकटवायची) पट्टी लावा! पट्टी 72 तास चालते, गिळता येत नसेल तर उत्तमच. पण पहिल्यांदा असर यायलाच 12 ते 24 तास जातात, आणि काढल्यावरही औषध बराच वेळ अंगात राहतं. कमीजास्त होणाऱ्या दुखण्याला ती कामाची नाही. मॉर्फिनची सवय नसलेल्याला थेट पट्टी लावणं धोक्याचं. ताप किंवा गरम पाण्याची पिशवी असली की औषध जास्त शोषलं जातं.

चिठ्ठीवर नुसतं 'मॉर्फिन 10' असेल तर तोंडातून, शिरेतून की कातडीखालून, तो मार्ग लिहून घ्या. तोंडातून 30 मिलिग्रॅम म्हणजे शिरेतून साधारण 10, कातडीखालून 15. कारण गिळलेल्या औषधातलं बरंचसं यकृतातच संपतं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे किडनी नीट चालत नसेल, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. मॉर्फिन किडनीवाटे बाहेर पडतं, साचलं की झोप आवरत नाही.

साध्या (लांबवून असर न करणाऱ्या) गोळ्या दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखण्याची वाट बघायची नाही. बारा तास हळूहळू असर करणारी गोळी असेल तर कुटून देऊ नका. आणि हो, बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करा. बिसाकोडिल किंवा सेना (सोनामुखी) चालतं, इसबगोल नको. कृश माणसाला दंडात, कमरेत सुया टोचून घेऊ नका: दुखतं, आणि शोषणही धड होत नाही. त्यापेक्षा कातडीखाली बसवून ठेवायची बटरफ्लाय सुई मागा.

पुढची चिठ्ठी मात्र गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच लिहून घ्या.