बारापेडेच्या गुहेबाहेर एक संध्याकाळ

बेळगाव जिल्ह्यातले खानापूर सोडून हेम्मडग्याच्या दिशेने निघाले की काही वेळाने झाडी इतकी दाटते की ऊन रस्त्यावर उतरेनासे होते. डिसेंबर लागला होता, तरी कडेची माती ओलसर होती. मी वटवाघळे पाहायला निघालो होतो भीमगड अभयारण्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांकडे, आणि तेही आत पाऊल टाकायचे नाही या अटीवर. इतका प्रवास करून गुहेच्या बाहेरच बसायचे, हे ऐकून घरचे हसले होते.

या गुहांतील रॉटनचे वटवाघूळ विज्ञानाला ठाऊक झाले ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणामुळे. 1912 साली मिळालेल्या नमुन्यांवरून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी 1913 मध्ये त्याचे वर्णन केले आणि सर्वेक्षणाचे प्रवर्तक, मुंबई इलाख्यातील वन अधिकारी रॉटन यांचे नाव त्याला दिले. पुढची जवळजवळ नव्वद वर्षे ही जात जगात केवळ याच ठिकाणाहून माहीत होती. नंतर कंबोडियात एक नर सापडला, आणि मेघालयातील जैंतिया टेकड्यांतल्या गुहांतही तिचा ठावठिकाणा लागला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, तिला जागा मिळाली आहे. याच कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना मात्र 2022 च्या दुरुस्तीपर्यंत उंदीर-घुशींसह उपद्रवी प्राण्यांच्या यादीत ठेवले होते, याची गंमत वाटते आणि रागही येतो.

तळेवाडीत एका अंगणात चहा झाला. गावात पुनर्वसनाच्या बोलण्यांखेरीज दुसरा विषय नव्हता. 2011 मध्ये सुमारे 190 चौरस किलोमीटरचे जंगल अभयारण्य झाले, तेव्हापासून या वाड्यांचे आयुष्य वन खात्याच्या कागदांशी बांधले गेले आहे. वटवाघळांसाठी आलेल्या पाहुण्याने त्यावर काय बोलावे, हे मला सुचले नाही.

सोबतीला आलेला वनरक्षक विशीतला होता. वाटेत अस्वलाने उकरलेले वारूळ त्याने दाखवले आणि गुहेच्या अलीकडे एका खडकावर मला बसवले. “इथनं पुढं नाही, काका. आणि बॅटरी पिशवीतच राहू द्या.” कारण त्याने नीट समजावले. ही वटवाघळे छताच्या भेगांत आणि खळग्यांत दाटीने बसतात. दिवसा उजेड, धूर किंवा गलका झाला की ती बिथरून उडतात, आणि आईला बिलगलेले पिल्लू खाली पडले तर बहुधा वाचत नाही. वर्षाकाठी एकच पिल्लू देणे हा बहुतेक वटवाघळांचा शिरस्ता असल्यामुळे, हा प्राणी उंदराएवढा असला तरी त्याची संख्या उंदरांसारखी भरून येत नाही. शिवाय त्याचे लांब, अरुंद पंख वेगाने सरळ उडण्यासाठी आहेत, फांद्यांमधून गिरक्या घेण्यासाठी नाहीत. तो किडे टिपतो ते मोकळ्या आकाशात. म्हणजे त्याला गुहा हवी, आणि किडे पोसणारे हे सदाहरित रानही हवे.

अंधारताना गुहेच्या तोंडातून शेणकाल्यासारखा उग्र, ओलसर वास आला. आधी काही लहान वटवाघळे वेडीवाकडी भिरभिरत बाहेर पडली. ती वेगळ्या जातीची, असे तो म्हणाला. मग एक मोठी, टोकदार पंखांची सावली बाणासारखी थेट वर गेली, तिच्यामागून दुसरी, आणि थोड्या खंडाने तिसरी. कपाळावर जुळलेले मोठे कान किंवा मानेवरचा राखाडी पट्टा त्या उजेडात दिसणे शक्यच नव्हते.

“ऐकू येतंय का, काका? टिक्, टिक्...” त्याने कुजबुजत विचारले. इतर बहुतेक वटवाघळांचे आवाज माणसाला ऐकूच येत नाहीत. याचा आवाज खालच्या पट्टीतला, तरुण कानांच्या आवाक्यातला आहे. मी श्वास रोखून कान दिला. मला रातकिड्यांशिवाय काहीच ऐकू आले नाही. तो मात्र प्रत्येक टिकटिकीला बोट वर करून दाखवत राहिला, आणि मी त्याच्या बोटाकडे पाहत मोजत राहिलो.