पितळ आणि जर्मन

कोपऱ्यावरच्या वाण्याने माझी लेन्स काट्यावर ठेवली, आकडा वाचला आणि विचारलं, "चारशे साठ. काय भावाने लावू?" मग कॅमेऱ्याची नुसती बॉडी ठेवली. सहाशेला जरा कमी. म्हणजे किलोभर ऐवज मी गळ्यात अडकवून हिंडत होतो. किलोभर कांदे आणायला सांगितले की पिशवीचे बंद बोटांना कापतात म्हणून कुरकुरणारा हाच तो माणूस.

काट्यापर्यंत मला आणलं वारीने. पुणे ते सासवड हा मोठा टप्पा. हडपसरपर्यंत मी फोटोग्राफर होतो. दिवे घाट लागला तसा हमाल झालो. पट्टा मानेत रुतलेला, आणि प्रत्येक पावलाला लेन्स पोटावर टोले देतेय. शेजारून एक आजी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालल्या होत्या. तेही पितळेचं. मी त्यांचा फोटो काढला आणि घाम पुसायला थांबलो. त्या पुढे निघून गेल्या.

कॅमेरा लायका या जर्मन कंपनीचा, एम थ्री. हे मॉडेल १९५४ चं. माझ्याकडे आला तो कितव्या हाताने, कोण जाणे. हा रेंजफाइंडर जातीचा, म्हणजे लेन्समधून पाहायचंच नाही. बाजूला छोटी खिडकी असते, तिच्यातल्या उजळ चौकोनात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. रिंग फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. एम थ्रीच्या खिडकीत जग जवळजवळ आहे तेवढंच दिसतं, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सची चौकट समोरच्या गर्दीवर नुसती तरंगत राहते. या सुखासाठीच तर तो घेतला. ३५ ची लेन्स हलकी मिळाली असती, पण या कॅमेऱ्यात ३५ ची चौकटच नाही. त्यासाठी चष्मा लावलेली वेगळी लेन्स येते. हो, खरोखरचा चष्मा, खिडकीपुढे बसणारा. वजन कमी करायला निघालेल्या माणसाने चष्मा विकत घेणं काही पटेना. तेव्हा ५० च, पण हलकी.

माझी जड लेन्स ही लायकाचीच चंदेरी समिलक्स, एफ १.४. (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त.) तीच लेन्स काळ्या रंगात ३३५ ग्रॅमची. काचा त्याच, फरक फक्त अंगाचा. चंदेरीचं अंग पितळेचं, काळीचं अ‍ॅल्युमिनियमचं, आणि पितळ त्याच्या तिपटीने जड. हे कळलं तेव्हा मला आमच्या आजीचं स्वयंपाकघर आठवलं. गावाकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना 'जर्मन' म्हणतात. पितळेची पातेली माळ्यावर गेली आणि जर्मनची आली, तेव्हा आईची मनगटं सुटली आणि आजीचं तोंड फुगलं. "जर्मनला काय चव असते?" आता नातू अस्सल जर्मन लेन्स जर्मनमध्ये मिळते का ते शोधत होता.

सव्वाशे ग्रॅमसाठी एवढे पैसे मोजायचे? मग समिक्रॉन पाहिली, एफ २, काळी, २४० ग्रॅम. शहाणा माणूस इथे थांबतो. मी पुढे गेलो आणि एल्मारवर येऊन पडलो. एफ २.८, काळी, १७० ग्रॅम, आणि वापर झाला की नळी आत ढकलून कॅमेरा कोटाच्या खिशात. (कोट माझ्याकडे लग्नातला आहे.) तसं पाहिलं तर लायकाचा जन्मच वजनाच्या कंटाळ्यातून झाला. तो घडवणाऱ्या ऑस्कर बार्नाकला दमा होता, प्लेटचे अवजड कॅमेरे घेऊन डोंगर चढणं झेपेना, असं सांगतात. १९२५ साली लायका विक्रीला आला तेव्हाही पुढे अशीच आत जाणारी ५० ची लेन्स होती.

सोडावा लागला तो उजेड. १.४ वरून २.८ म्हणजे चौथाई. जिथे साठांश सेकंदात काम व्हायचं तिथे आता पंधरांश. मग खांबाला टेकायचं, श्वास धरायचा आणि समोरच्याने हलू नये म्हणून देवाला सांगायचं. दिवेलागणीनंतर मी कॅमेरा काढतच नाही. संध्याकाळी घरात पिवळ्या दिव्याखाली समिलक्सने जे मिळायचं ते मिळत नाही, आणि त्याची चुटपुट आहे.

दुसरी गोष्ट कोणी सांगितली नव्हती. नळी ओढून, पिळून अडकवायची असते. ती आतच राहिली तरी खिडकीत सगळं लख्ख दिसतं, प्रतिमा जुळतात, शटर वाजतं. मंडईत मी अख्खा रोल तसाच काढला. निगेटिव्ह उजेडाला धरली तर छत्तीस वेळा धुकं. भोपळे कुठले आणि भोपळेवाल्या मावशी कुठल्या, काही पत्ता नाही.

म्हणून कॅमेऱ्याच्या डोक्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पेनाने लिहिलं : ओढ.

यंदा दिवे घाटात कठड्याशी टेकून फिल्म बदलत होतो. शेजारी बसलेल्या एका वारकरी बुवांनी तंबाखू मळता मळता वाकून ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं.

"हां," म्हणाले, "ती तर पाहिजेच."

मी नळी ओढली, पिळली आणि विचारलं, "बुवा, एक काढू का?"